मागचा ब्रेक आन् दाजीचा आवाज

मातीत पळायच्या मोटरसायकलीवर लिहायलो म्हणलं की तुमी लगेच सरसावून बसणार. आता हे पोरगं टेकाडावरून उडी मारणार, हवेत हात सोडणार, खाली आपटणार, हाड मोडणार, मग दवाखाना, मग नर्स. आधीच सांगून ठेवतो, ह्यात उडी न्हाई. नर्स न्हाई. कुणाला खरचटलंसुद्धा न्हाई. ह्यात एक ब्रेक हाय, तोबी मागचा, आन् तो तापला होता. एवढ्यावर ज्यांना उठून जायचं त्यांनी खुशाल जावं. जे बसले त्यांना सांगतो, त्या एका ब्रेकनं मला चार दिवस धड एका जागी बसू दिलं न्हाई. जेवताना उठायलो, अंघोळीतून अर्ध्यात बाहेर यायलो, आन् परत परत शेडात जाऊन तेच चाक फिरवून बघायलो.

गाडी माझी नव्हतीच. पेडगावात माझ्यासारख्याच्या हातात असली गाडी कोण देतंय. गाडी दाजीची. दाजी म्हणजे आमच्या अक्काचे मालक, येलदरीकडं जनावराचे डॉक्टर. तिकडच्या शेतात पाऊस झाला की काळी माती मडगार्डात गच्च बसती, साध्या गाडीचं चाक फिरंना होतं, आन् अडलेली गाय काही डांबरी रस्त्यावर येऊन थांबत न्हाई. म्हणून दाजीनं पुण्याच्या एका पोराकडून ही उंच, किडकिडीत, बटनासारखे गुट्टे असलेल्या टायरची गाडी जुनीच घेतली होती. मडगार्ड चाकापासून हातभर वर. पुढं डिस्क ब्रेक, मागं डिस्क ब्रेक.

दाजीला आठ दिवसाच्या ट्रेनिंगला नागपूरला जायचं होतं. अक्का तेवढे दिवस आमच्याकडं आली, आन् गाडी आमच्या शेडात ट्रॅक्टरशेजारी लागली. निघताना दाजी म्हणले, "असं बघा पाव्हणं, एक दिवसाआड चालू करायची. पाच मिनिटं. बॅटरी उतरू नये म्हणून. चालवायची न्हाई."

दाजीचा आवाज लय मऊ. सुई बघून बैल बिथरला की त्याच्या कानापाशी जसं बोलावं लागतं, तसंच ते माणसाशीबी बोलतेत. तो आवाज मला त्यांच्या पहिल्या दिवाळसणापासून काढता येतो. तसे मी लय जण काढतो. शाळेत असताना हेडसरांच्या आवाजात शेजारच्या वर्गाला सुट्टी दिली होती, वर्ग खरंच घरी गेला होता. कंडक्टर काढतो, ग्रामपंचायतीचा भोंगा काढतो, आमच्या आबाची शिंक काढतो. दाजी काढायचे म्हणजे नाक जरासं बंद करायचं आन् दोन शब्दांच्या मधी एक श्वास जास्तीचा घ्यायचा. त्या आवाजात मी वसरीतून "अगं, चहा टाकती का" म्हणलं की अक्का आतून "टाकते ना" म्हणती, आन् मग बाहेर येऊन मला लाटणं दाखवती.

पहिल्या खेपेला मी इमानदारीनं पाच मिनिटंच चालू केली. गाडी धडधडायली, मी भोवती फिरून बघायलो. मागच्या ब्रेकच्या तेलाची एक डबी असती, उजव्या पायाच्या जराशी वर, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीएवढी. तिला एक काच. काचेत तेल पार खालच्या रेघेला टेकलेलं दिसलं. मला बरं वाटलं. म्हणलं, घरातले आपल्याला बिनकामाचा म्हणतेत, दाजी आले की कळंल त्यांना.

आमच्या ट्रॅक्टरला एक तेल लागतं. गियरला तेच, हायड्रोलिकला तेच, आन् ब्रेकलाबी तेच. शेडात त्याचं कॅन असतं. आबा ते कॅन पाव्हण्यांना दाखवून सांगतेत, "एका तेलावर सगळं चालतंय." मी डबीचं झाकण खोललं. खाली एक पातळ रबर होतं, ते उचललं, आन् दाजीच्याच जनावराच्या सिरिंजनं कॅनमधलं तेल वरच्या रेघेपर्यंत भरलं. एक थेंब खाली सांडला न्हाई. मला माझ्याच हाताचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या खेपेला वाटलं, पाच मिनिटांत बॅटरी कितीशी भरणार. कालव्याच्या कडेनं नेली. सकाळची वेळ, वेचणीच्या बाया कापसात, रस्ता मोकळा. पहिले दोन-तीन किलोमीटर झकास. मग गाडी जड वाटायली. ॲक्सिलेटर पिळला तरी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी. मग वास आला. तव्यावर रबरी चप्पल ठेवल्यावर येईल तसला. पुढं कालव्याचा उतार होता, खाली वळण. मी मागचा ब्रेक दाबला आन् पाय दाबतच खाली गेला. पेडल तळाला टेकलं, गाडीला काही पत्ताच न्हाई. पुढचा ब्रेक होता म्हणून मी आता हे लिहायलो.

थांबून बघितलं. मागची डिस्क निळीजांभळी पडलेली आन् तिच्यावरून धग निघायली. माझ्याकडं पाण्याची बाटली होती, ती मी सगळी तिच्यावर रिकामी केली. चर्र झालं, वाफेत माझंच तोंड भाजायला आलं. तास-दीड तास बाभळीखाली काढला. गार झाल्यावर ब्रेक परत लागायला, मग गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरात, माणूस चालतंय त्या चालीनं घरी आणली.

आता हिशेब सोपा होता. दाजी रविवारी दुपारच्या गाडीनं परभणीत उतरणार. सोमवारी सकाळी अक्काला मागं बसवून येलदरीला निघणार. जिंतूरच्या पुढं रस्ता सारखा चढ-उतार, आन् उतारावर दाजी मागचाच ब्रेक जास्त वापरतेत, मी त्यांच्या मागं बसून बघितलेलं. म्हणजे माझ्याकडं तीन दिवस होते. ब्रेक नीट झाला पायजे, आन् कुणाला कळता कामा नये.

दाजीची गाडी दुरुस्तीला परभणीत एकाच मिस्त्रीकडं जाती. त्याला सगळे चाचा म्हणतेत. पांढरी दाढी, चष्म्याला दोरी, बोलणं निम्मं मराठी निम्मं दख्खनी. चाचाला मी विचारलं असतं तर तो दाजीला सांगणार, हे नक्की. मग मला ती अक्कल सुचली. दाजीचा एक जुना फोन अक्काकडं होता, चाचाचा नंबर त्यात होताच, आन् त्यावरून लावला की चाचाला नाव दाजीचंच दिसणार. मी ट्रॅक्टरच्या मागं बसलो, नाक बंद केलं.

"हॅलो मिस्त्री. असं बघा, मागचा ब्रेक लय तापला हो काल."

"सलाम साहेब. तुमी नागपूरला होते ना?"

"मधीच आलो. सुट्टी होती."

"तापून पेडल खाली गेलं का?"

"तळाला."

"तेल उकळलं त्यातलं. पाणी मारलं का वरतून?"

आता दाजी पाणी मारतील का. मी म्हणलं, "मी कशाला मारीन मिस्त्री. मेव्हण्यानं मारलं."

"त्याच्या हाती नका देऊ साहेब गाडी. पोरगं वाईट न्हाई, पण हाताला चैन न्हाई त्याच्या."

"तसं न्हाई, हुशार हाय तो," मी म्हणलं. एवढं तर मी दाजीकडून माझ्यासाठी करू शकत होतो.

चाचा हसला. मग विचारलं, "तेल कोणतं हाय आतमधी?"

हितं मी फसलो. खरं सांगतो, मला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच न्हाई. तेल ते तेल. पण दाजी आजपर्यंत चाचाशिवाय गाडीला बोट लावू देत न्हाईत. दाजीच्या तोंडातून दुसरं काय निघणार. नकला करणाराची खोड असती, आवाज लागला की माणूसबी तसाच चालू होतो. मी म्हणलं, "तुमी टाकलेलंच ना."

"मग ठीक हाय," चाचा म्हणला, आन् त्यानं मला सगळं सांगितलं. आधी गाडी पूर्ण गार होऊ द्यायची. डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड काढून बघायचे, तोंडावर काचेसारखी चमक आली असली तर फरशीवर पॉलिश पेपर ठेवून घासून ती काढायची. कॅलिपर, म्हणजे पॅड धरून बसणारा चिमटा, ज्या पिनांवर सरकतं त्या पुसून ग्रीस लावायचं. डिस्कला हात लावायचा न्हाई, तेलकट होती. आन् उकळलेलं तेल सगळं काढून नवीन सीलबंद बाटलीतलं भरायचं. "साहेब, तुमी इकडंच आणा ना पण," तो शेवटी म्हणला. मी दाजीसारखा खाकरलो आन् म्हणलं, "बघतो."

मी सगळं केलं. पॅड घासले, पिना पुसल्या. तेलाची बाटली बसस्टँडजवळच्या दुकानातून आणली. तेल बदलायला दोन माणसं लागतेत, म्हणून अक्काला बोलावलं. ती पाटावर बसून पेडल हातानं दाबायली, मी कॅलिपरला लावलेल्या सलाईनच्या नळीकडं बघायलो.

"दाब. धर. धरून ठिव."

"धरलंय की. किती येळ धरू?"

"मी पाना फिरवतो, मग बंद करतो, मग सोड. आधी सोडलीस तर हवा शिरती."

"तुला कोण सांगितलं हे?"

"चाचा."

"तू केव्हा गेलता चाचाकडं?"

"फोनवर गं. दाब."

"दाजीला सांगितलंस का गाडी चालवली म्हणून?"

"सोड म्हणलं न्हाई मी अजून."

अर्धा घंटा ती दाबायली. नळीतून आधी मळकट, मग स्वच्छ तेल आलं. पण डबीचं झाकण लावताना एक गोष्ट झाली. ते आतलं रबर. पहिल्या खेपेला नीट बसलेलं. आता ते भिजलेल्या पापडासारखं फुगलेलं, कडेनं लाटा आलेल्या. डबीत बसंना. इकडून दाबलं की तिकडून वर. चाचाला विचारावं तर परत दाजी व्हावं लागणार, आन् अक्का तर समोर बसलेली. मी ब्लेड आणलं आन् कड गोल कापून ते बसवलं.

चाक उचलून फिरवलं. अर्धा फेरा घेतला आन् थांबलं. पुढचं चाक एका झटक्यात सात-आठ फेरे घ्यायलं. मागचं अर्धा.

शुक्रवार आन् शनिवार कसे गेले मला नीट सांगता येत न्हाई. दर घंट्याला शेडात. चाक फिरवायचं, अर्धा फेरा. शनिवारी गल्लीतून गावाबाहेरच्या वळणापर्यंत नेऊन आणली आन् डिस्कवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब नाचून उडून गेला. ब्रेक मी लावलासुद्धा नव्हता. तो आपोआप धरून बसायला, आपोआप तापायला. आत अक्का पिशव्या भरायली, येलदरीला न्यायच्या शेवया, डाळ, आबाची जुनी घोंगडी. एवढं सगळं घेऊन ती त्या गाडीवर मागं बसणार. मी तिला म्हणलं, "बसनं जा की सोमवारी." ती म्हणली, "का, गाडी खराब केलीस?" मी म्हणलं, "न्हाई गं, थंडी वाजंल." तिनं माझ्याकडं एवढा येळ बघितलं की मी परत शेडात गेलो.

आता चाचाकडं नेल्याशिवाय इलाज नव्हता. रविवारी सकाळी शेजारच्याचा टेम्पो मेथी घेऊन परभणीला निघाला, त्यात गाडी दोरीनं उभी बांधली. घरी म्हणलं, सर्व्हिसिंग.

चाचानं दुकान नुकतंच उघडलेलं. गाडी बघून म्हणला, "साहेब न्हाई आले?" मी म्हणलं, "दुपारी येतील." त्यानं स्टूल ओढलं, मागचं चाक फिरवलं, अर्धा फेरा. कॅलिपर चाचपलं. डबी खोलली. ते रबर बाहेर काढून बोटावर धरलं.

"हे कोण कापलं?"

"मी."

"कायकू?"

"बसत नव्हतं."

चाचानं रबर दोन बोटांत चुरगाळलं, ताणलं, नाकाजवळ नेलं. शेवटी म्हणला, "हे तर साध्या तेलानं फुगलेलं रबर हाय बेटा. इंजिनचं म्हण, ट्रॅक्टरचं म्हण. ब्रेकच्या तेलानं असं होत न्हाई. आत पॅड ढकलणाऱ्या पिस्टनचं रबरबी असंच फुगलं असंल, म्हणून पिस्टन मागं येईना. सारखा पॅड डिस्कला धरून बसलेला. तापणार न्हाई तर काय." परत रबराकडं बघितलं. "पण साहेब म्हणले, तेल माझंच हाय."

मी खाली पडलेला पाना उचलून पुसायलो.

"साहेब खोटं कशाला बोलतील," तो स्वतःशीच म्हणला. मग उठला. फळीवरचं ब्रेक तेलाच्या बाटल्यांचं खोकं खाली काढलं. एक बाटली उघडून बोटावर थेंब घेतला, चोळला, वास घेतला, उजेडात धरला. बाटलीचं लेबल चष्मा वर करून वाचलं. "नकली माल आला का काय माझ्याकडं," तो म्हणला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. खोकं त्यानं दुकानाच्या बाहेर नेऊन ठेवलं, जसं काही त्यातून धूर निघायलाय.

मग खिशातून वही काढली, त्या खोक्यातलं तेल कुणाकुणाच्या गाडीत गेलं ते बघून फोन लावला. "मॅडम, सलाम. तुमची गाडी आता कुठं हाय? चालवायल्या का? बाजूला घ्या. हौ, तिथंच उभी करा, चालवू नका. ब्रेकचं काम हाय, माझी गलती हाय." फोन ठेवला, दुसरा लावला. एका दूधवाल्याला. "भाऊ, असशील तिथं गाडी लाव. उरलेलं दूध रिक्षात टाक. माझी गलती समज." त्याचं बोट वहीतल्या तिसऱ्या नंबरावर गेलं.

"चाचा," मी म्हणलं. "तुमचं तेल चांगलं हाय."

"तुला काय माहिती?"

"ट्रॅक्टरचं तेल मी टाकलं. सिरिंजनं."

"आन् साहेब म्हणले ते?"

"साहेबानं फोन केलाच न्हाई. तो मी होतो."

चाचा हसला, पण नुसता तोंडानं. "चल. मी साहेबाचा आवाज वळखत न्हाई का."

मग मला ते करावं लागलं. कितीतरी ठिकाणी मी आवाज काढलेत, लग्नात, स्टँडवर, वर्गात, दर खेपेला माणसं हसली. हितं नाक बंद केलं, श्वास घेतला आन् म्हणलं, "हॅलो मिस्त्री. असं बघा, मागचा ब्रेक लय तापला हो काल."

चाचाचा हात फोनवर तसाच राहिला. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई, पायाकडं बघितलं. मग परत मॅडमला फोन. "मॅडम, माफ करा. चालवा गाडी. काही न्हाई झालं." परत दूधवाल्याला. मग बाहेरचं खोकं उचलून आत आणलं, फळीवर होतं तिथं ठेवलं. मग दाजीला फोन लावला आन् एवढंच म्हणला, "साहेब, उतरले की सीधे दुकानात या."

त्यानंतर तो कामाला लागला. कॅलिपर खोललं, पिस्टन बाहेर काढला. आतलं रबर फुगून खाचेत अडकलेलं. पेडलच्या वरच्या पंपाचं रबर, तसंच. नळीसुद्धा आतून फुगली असणार म्हणून ती काढून टाकली. सगळं ब्रेकच्याच तेलानं धुतलं, नवीन रबरं, नवीन पॅड, नवीन नळी. मी उठायलो, बसायलो, पाना पुढं करायलो. "बस," तो म्हणायचा. मी बसायचो. दोन मिनिटांनी परत उभा. ह्यापेक्षा मला शिव्या चालल्या असत्या.

सगळं बसवून, तेल भरून, त्यानं गाडी मागच्या रस्त्यानं नेऊन आणली. डिस्कजवळ तळहात धरला, मग मान हलवली. मला चाक फिरवायला लावलं. फिरायलंच. सहा, सात, आठ.

दाजी स्टेशनवरून बॅग घेऊन सीधे आले. चाचानं माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं, सिरिंज, कालवा, पाणी, फोन, ब्लेड. माझ्याच आवाजात.

दाजीनं बॅग खाली ठेवली. चाकाला हात लावून एकदा फिरवलं. म्हणले, "उद्या मी तिला मागं बसवून उतार उतरणार होतो."

"साहेब, तुमी बोलनार न्हाई, मला म्हाईत हाय," चाचा म्हणला. चिंधीनं हात पुसले, स्टूल माझ्यासमोर ओढलं. "मी बोलतो. उठू नको. आज तरी बस एका जागी. तेल चुकलं, त्याचं मला काही न्हाई. ट्रॅक्टरवाल्या घरातली पोरं हे करतेत, तुझ्याआधी दोघं आलते. पण आल्या आल्या सांगितलं त्यांनी. साहेबाची गाय बोलत न्हाई, म्हणून साहेब मालकाला विचारतेत, काय खाल्लं हिनं. मीबी तेच विचारलं तुला. काय टाकलं. आन् तू मला साहेबाच्या तोंडानं सांगितलास, तुमचंच तेल. मग मी तुला जे सांगितलं ते सगळं गलत. माझ्या सांगण्यावरून ती गाडी उतारावर गेली असती. खाली मान घालू नको, माझ्याकडं बघ. तुझी बहीण मागं बसली असती, आन् लोकांनी मला विचारलं असतं, मिस्त्री, ब्रेक कुणी केला. मी माझं नाव सांगितलं असतं. ती मॅडम पोरीला परीक्षेला न्यायली होती. मी तिला भर रस्त्यात उतरवलं. कायकू उतरवलं? साहेबावर माझा भरोसा, म्हणून माझ्याच हातावर शक घेतला मी. एवढी वर्षं झाली, कधी घेतला नव्हता. आन् ब्लेडनं कापलास. रबर बसंना म्हणून ब्लेडनं. उद्या चप्पल बसली न्हाई तर पाय कापशील का. हसतोस का?"

"न्हाई चाचा."

"मग तोंड सरळ ठिव. मी मॅडमला काही सांगणार न्हाई. तू जायचं तिच्या घरी आन् तूच सांगायचं काय झालं ते, पोरीसमोर. दूधवाल्याकडंबी जायचं. तो पहाटे पाचला निघतो, त्याच्या आधी जायचं. डोळा लागला, बस चुकली, असलं काही मला येऊन सांगू नको."